साखरपुडा कसा मोडावा? : नवशिक्यांसाठी सोपी कृती

सोलापुरात साखरपुडा मोडण्याची सोय मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत आहे, आणि तिन्ही भाषांत त्यासाठी अनुभवी आत्या-मावश्या आहेत. ही पुस्तिका त्यांच्या पोटावर पाय द्यायला लिहिलेली नाही. इथे मोडायचा आहे तो साखरेच्या रेणूतला साखरपुडा. साखरेच्या प्रत्येक रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हे दोघं ऑक्सिजनच्या एका अणूने एकमेकांना बांधलेले असतात. त्यांना वेगळं करायचं, आणि ते करताना नेमकं काय काय घडलं ते सांगायचं, एवढंच काम. पहिला भाग कोणालाही जमतो. लिंबू सरबत करून विसरलेल्या प्रत्येकाने तो थोडाफार केलेला आहे. दुसऱ्या भागात मात्र १८५० पासून भली भली माणसं अडकून पडली आहेत, तेव्हा तुम्ही तासाभरात हात टेकलेत तर वाईट वाटून घेऊ नका.

साहित्य

साखर दोन चमचे. सोलापूर जिल्ह्यात तिची वानवा नाही. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत, आणि हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे अडकल्याशिवाय इथे कोणी कुठे वेळेवर पोचत नाही. दुसरं साहित्य पाणी. इथे जरा अडचण आहे, कारण शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याची पाळी असेल त्या दिवशी प्रयोग ठेवावा. तिसरं, आम्ल. लिंबू चालेल. घाई असेल तर प्रयोगशाळेतलं हायड्रोक्लोरिक आम्ल, पण मग उरलेलं सरबत पाहुण्यांना देऊ नये. चौथं, पोलॅरीमीटर. घरात नसेल तर कारखान्याच्या लॅबमध्ये असतो. तिथे रसाचा ‘पोल’ काढायला तोच वापरतात.

समीकरण लिहा आणि त्यावर विश्वास ठेवू नका

कोऱ्या कागदावर लिहा : साखरेचा एक रेणू अधिक पाण्याचा एक रेणू, बाण, ग्लुकोजचा एक रेणू अधिक फ्रुक्टोजचा एक रेणू. डावीकडे बारा कार्बन, उजवीकडे सहा आणि सहा बारा. हायड्रोजन जुळले, ऑक्सिजन जुळले. समीकरण संतुलित झालं, दहावीला पूर्ण गुण मिळाले.

आता नवशिका काय चूक करतो ते बघा. तो त्या बाणाकडे पाहून समजतो की पाण्याचा एक रेणू आला, साखरेच्या एका रेणूवर आदळला आणि धाडकन दोन तुकडे झाले. समीकरणात असं काहीच म्हटलेलं नाही. समीकरण ही लग्नपत्रिका आहे. तिच्यात दोन्ही घरांची नावं असतात, तारीख-वेळ-स्थळ असतं. कोण रुसलं, कोणी मध्यस्थी केली, कोणाच्या होकाराला आठ महिने लागले, यातलं पत्रिकेत काही नसतं.

पटत नसेल तर साखर जाळून बघा. साखरेचा एक रेणू, ऑक्सिजनचे बारा. मिळतात कार्बन डायऑक्साइडचे बारा आणि पाण्याचे अकरा. हे सगळं एका दणक्यात घडायचं तर तेरा रेणूंनी एकाच क्षणी, एकाच ठिकाणी, योग्य बाजूने तोंड करून एकमेकांना धडकायला हवं. सात रस्ता चौकात उभे राहा. दोन रिक्षा एकमेकींना घासताना रोज दिसतील. तीन रिक्षा नेमक्या एकाच क्षणी एकमेकींवर आल्या असं क्वचित घडेल, आणि घडलंच तर वर्षभर चहाच्या टपरीवर त्याची चर्चा होईल. सातही रस्त्यांवरून सात रिक्षा एकाच क्षणी येऊन भिडल्या असं कोणी सांगितलं, तर सांगणाऱ्याचं तोंड हुंगावं. तेरा तर सोडाच.

म्हणून रेणूंच्या जगात खरोखर घडणाऱ्या घटना लहान असतात. कधी एकच रेणू आपला आपण मोडतो किंवा वळतो. बहुतेक वेळा दोन भिडतात. क्वचित तीन. चारांची भेट रसायनशास्त्राने हिशेबातच धरलेली नाही. अशा एका दमात, मध्ये कुठेही न थांबता होणाऱ्या घटनेला मूलभूत अभिक्रिया म्हणतात. आपण ‘अभिक्रिया’ म्हणून जी लिहितो ती बहुतेक वेळा अशा अनेक मूलभूत अभिक्रियांची बेरीज असते. गड्ड्याच्या जत्रेचंच घ्या. कॅलेंडरवर छापतात एकच ओळ, सिद्धेश्वर यात्रा. आत तैलाभिषेक वेगळा, अक्षता सोहळा वेगळा, होमप्रदीपन वेगळं, शोभेचं दारूकाम वेगळं, कप्पडकळी वेगळी. क्रम ठरलेला, आणि एकात दुसरं मिसळता येत नाही.

उंबरठा मोजायला शिका

मूलभूत अभिक्रिया ओळखायची कशी, तर उंबरठे मोजून. जुन्या वाड्यात शिरताना दिंडी दरवाजाचा उंबरठा ओलांडला की ओसरी, ओसरीनंतर दुसरा उंबरठा, मग माजघर. उंबरठ्यावर एक पाय आत, एक बाहेर अशा स्थितीत कोणी मुक्काम करत नाही. तिला संक्रमण अवस्था म्हणतात, आणि तिथून माणूस आत तरी जातो किंवा मागे तरी फिरतो. ओसरीवर मात्र घटकाभर टेकता येतं. टेकणारा तो मध्यवर्ती पदार्थ : एका पायरीत तयार होतो, पुढच्या पायरीत संपतो, आणि पत्रिकेत त्याचं नाव कुठेही येत नाही. ज्या अभिक्रियेत उंबरठा एकच आणि ओसरी नाहीच, ती मूलभूत.

अशा खरोखरच एका उंबरठ्याच्या अभिक्रिया आहेत. मिथाइल ब्रोमाइडवर पाण्यातला हायड्रॉक्साइड आयन मागच्या बाजूने येतो, आणि तो आत शिरत असताना पुढच्या दाराने ब्रोमाइड बाहेर पडतो. येणं आणि जाणं एकाच हालचालीत. भाडेकरू बदलण्याची ही पद्धत आपल्या पेठांतल्या घरमालकांना कधी साधलेली नाही.

आता मोडा

आम्लाच्या पाण्यात साखर विरघळवली की पुढचा प्रकार असा होतो.

आम्लाने पाण्याला दिलेला जादा प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धन आयन, साखरेच्या रेणूकडे येतो आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजला बांधणाऱ्या त्या मधल्या ऑक्सिजनला चिकटतो. दोघांची भेट, एक उंबरठा. हे झटपट होतं आणि तितक्याच झटपट उलटतंही; प्रोटॉन चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. सोयरिकीत असा एक काका असतोच, जो दर रविवारी येऊन बसतो आणि काही न ठरवता चहा पिऊन जातो.

मग, फार क्वचित, प्रोटॉन चिकटलेला असतानाच तो रेणू आपला आपण तुटतो. या घडीला कोणीही त्याला धक्का देत नाही. एकच रेणू, त्याचा तो. तुटतं ते प्रामुख्याने फ्रुक्टोजच्या बाजूने. ग्लुकोज सगळा ऑक्सिजन घेऊन शांतपणे निघून जातं, आणि फ्रुक्टोजचा तुकडा धन भार घेऊन ओसरीवर उरतो. ही पायरी संथ आहे.

त्या अस्वस्थ तुकड्याला भोवतालच्या पाण्याचा एखादा रेणू लगेच धरतो. शेवटी जादा झालेला प्रोटॉन दुसरं पाणी काढून नेतं. फ्रुक्टोज पुरं झालं, आणि प्रोटॉन जसा आला तसा मोकळा. पुढच्या घरी चहा प्यायला.

चारही पायऱ्या एकाखाली एक लिहा आणि बेरीज करा. प्रोटॉन दोन्हीकडून कटतो, ओसरीवरचा तुकडा कटतो, आणि उरतं तेच आपलं दहावीचं समीकरण. एवढा तमाशा झाला, पण हिशेबात त्याचा मागमूस नाही.

वेग कशावर ठरतो

इथे नवशिक्याने सावकाश वाचावं, कारण सगळी गोम इथे आहे.

मूलभूत पायरीचा वेग तिच्या तोंडाकडे बघून सांगता येतो. एकटाच मोडणारा असेल तर वेग त्याच्या संख्येच्या प्रमाणात. दोन भिडत असतील तर दोघांच्या संख्येच्या गुणाकाराच्या प्रमाणात, कारण चौकात रिक्षाही दुप्पट आणि टेम्पोही दुप्पट झाले तर घासाघीस चौपट होते. पण हा नियम फक्त मूलभूत पायरीला. एकूण समीकरणाला तो लावला की फसगत ठरलेली.

आपल्याच साखरेचं बघा. पत्रिकेत पाण्याचं नाव ठळक आहे, पण प्रयोगात वेगावर पाण्याचा हिस्सा दिसतच नाही. एक कारण म्हणजे पाणी अफाट आहे, लिटरमागे साधारण ५५ मोल, त्यातलं चिमूटभर खर्च झालं तर कोणाला कळणार? दुसरं म्हणजे संथ पायरी उरकल्यावर पाणी येतं. तोवर निकाल लागलेला असतो. उलट आम्लाचं पत्रिकेत नावही नाही, आणि वेग मात्र त्याच्या प्रमाणात वाढतो. पत्रिकेत नाव नाही आणि मांडवात सगळी धावपळ त्याचीच, असा एक माणूस प्रत्येक लग्नात असतो. रसायनशास्त्रात त्याला उत्प्रेरक म्हणतात.

संथ पायरीच सगळ्याचा वेग का ठरवते, हे कारखान्याच्या यार्डात उभं राहिलं की समजतं. तोडणी झाली, भरणी झाली, वाहतूक झाली, काट्यावर वजन झालं आणि ट्रॅक्टर गव्हाणीपुढच्या रांगेत लागला. गव्हाण जेवढा ऊस घेईल तेवढंच गाळप. टोळ्या दुप्पट केल्या तर रांग दुप्पट होईल, साखर नाही.

हे शोधून काढलं कोणी? लुडविग विल्हेल्मी नावाच्या जर्मन गृहस्थांनी, १८५० मध्ये. साखरेच्या पाण्यातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याची दिशा उजवीकडे वळते. साखर मोडली की ग्लुकोज उजवीकडेच वळवतं, पण फ्रुक्टोज त्याहून जोरात डावीकडे ओढतं, म्हणून मिश्रणाचा काटा उजवीकडून डावीकडे उलटतो. कारखान्यातली माणसं साखर मोडण्याला ‘इन्व्हर्जन’ म्हणतात ते या उलटण्यामुळे. विल्हेल्मींनी भांड्याला हात न लावता, नुसत्या काट्यावरून, कोणत्या क्षणी किती साखर उरली ते मोजलं. त्यांना आढळलं, कुठल्याही क्षणी मोडण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. अभिक्रियेचा वेग सूत्रात पकडण्याचा हा पहिलाच यशस्वी प्रयत्न मानतात. पुढे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये तापमानाने वेग कसा वाढतो याचं सूत्र मांडलं, तेही उसाच्या साखरेवरच. १९१३ मध्ये लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकरांच्या कामाचा हिशेब बसवला, तोही साखर मोडणाऱ्या इन्व्हर्टेजवर. अभिक्रियांच्या वेगाचं अख्खं शास्त्र उसाच्या साखरेवर वाढलं आहे, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एकाही कारखान्याच्या प्रवेशद्वारावर या चौघांपैकी कोणाचा पुतळा नाही. पुतळ्यांची आपल्याकडे कमतरता आहे असं म्हणवत नाही, म्हणून आश्चर्य वाटतं.

एक कबुली

प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग बी.एस्सी.ला केला आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही. सोडियमचा पिवळा दिवा, लांब काचेची नळी, नळीत नको तो बुडबुडा, आणि डोळा लावल्यावर दिसणारे दोन अर्धे; दोन्ही सारखे अंधुक झाले की आकडा वाचायचा. दर दहा मिनिटांनी एक रीडिंग. तिसऱ्या रीडिंगनंतर आम्ही दोघं वडापाव खायला गेलो. परत आलो तेव्हा चाळीस मिनिटं उलटली होती आणि काटा आमच्यासाठी थांबला नव्हता. जोडीदार म्हणाला, “एवढं काय टेन्शन घेतो बे, सरळ रेष येती ना शेवटी? रेष आधी काढ, रीडिंग मागून बसवू.”

रेष फार सुंदर आली. सरांनी आलेख उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि एवढंच विचारलं, “निसर्ग इतका शहाणा कधीपासून झाला?”

त्या प्रयोगाची शेवटची, पूर्ण मोडल्यानंतरची रीडिंगही आम्ही बिघडवली. अभिक्रिया लवकर संपावी म्हणून नळीतलं मिश्रण गरम करायचं असतं, पण बेताने. आम्ही उकळलं. ते चहासारखं तपकिरी झालं आणि त्यातून दिवाच दिसेना. तापमानाचा अंदाज नवशिक्याला येत नाही, म्हणून सांगतो : साखर मोडण्याच्या पायरीचा उंबरठा इतका उंच आहे की नेहमीच्या हवेत दहा अंश वाढले की वेग सुमारे चौपट होतो. सोलापूरचा जानेवारी आणि सोलापूरचा मे यांत किती दहा-दहा अंश आहेत ते तुम्हीच मोजा. आणि आम्ल नसलेल्या निव्वळ पाण्यात, साध्या तापमानाला, अर्धी साखर मोडायला शेकडो वर्षं लागतात. पाणी पत्रिकेत असूनही.

पायऱ्या जुळल्या म्हणजे खऱ्या झाल्या असं नाही

इथवर आलेल्या नवशिक्याला एक रोग होतो. तो कोणत्याही समीकरणाच्या पायऱ्या स्वतः रचू लागतो, बेरीज जुळली की खूश होतो, वेग जुळला की नाचतो. बेरीज जुळणं आणि वेग जुळणं दोन्ही हवंच. पण दोन्ही जुळूनही पायऱ्या खोट्या असू शकतात. हायड्रोजन आणि आयोडीनच्या वाफेपासून हायड्रोजन आयोडाइड होतं. माक्स बोडेनश्टाइन यांनी १८९० च्या दशकात त्याचा वेग मोजला तर तो दोघांच्या गुणाकाराच्या प्रमाणात आला. म्हणजे दोन रेणू भिडतात आणि जोडीदार बदलतात, एक उंबरठा, खेळ खलास. मूलभूत अभिक्रियेचं आदर्श उदाहरण म्हणून ते पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. १९६७ मध्ये जॉन सुलिव्हन यांनी उजेडाने आयोडीनचे सुटे अणू बनवून बघितलं आणि कळलं की खरं काम ते सुटे अणू करतात. दोन रेणूंची ती साधीसुधी भेट कागदावरच राहिली. आणि गंमत म्हणजे वेगाचं सूत्र दोन्ही गोष्टींना तेच येतं. सत्तर वर्षं सूत्र बरोबर होतं आणि गोष्ट चूक होती.

उसाचंही तसंच. तोडलेला ऊस फडात किंवा यार्डात पडून राहिला की त्यातली साखर मोडू लागते, आणि समीकरण तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पण तिथे नुसत्या आम्लाचं राज्य नसतं. उसाचं स्वतःचं इन्व्हर्टेज कामाला लागतं. ते फ्रुक्टोजचा तुकडा स्वतःकडे ओढून घेतं, ग्लुकोजला जाऊ देतं आणि मग पाण्याच्या हवाली करतं. वर जीवाणूंचा हातभार वेगळाच. पत्रिका एक, लग्नं दोन. म्हणून शिळ्या उसाचा उतारा का पडला, याला ‘साखर मोडली’ हे उत्तर पुरत नाही. कोणत्या वाटेने मोडली ते कळलं तर ती वाट अडवता येते. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला की विकराला फार वेळ मिळत नाही. रस निघाल्यावर त्यात चुना घालून आम्लपणा मारतात, म्हणजे पुढे रस तापवताना तो चहा पिणारा काकाच हजर नसतो. चुना जास्त पडला तर मात्र आधीच सुटे झालेले ग्लुकोज-फ्रुक्टोज बिघडतात आणि रस काळवंडतो. गुऱ्हाळावरचा गुळव्या हे सगळं काहिलीच्या वासावरून आणि फेसाच्या रंगावरून सांभाळतो. त्याच्यासमोर मूलभूत अभिक्रियेचं नाव काढू नका. तो तुमच्या हातात काकवीची वाटी देऊन गप्प बसवेल, आणि ते त्याचं बरोबरच असेल.

घरी साखर मोडायची गरज असेल तर पाकात लिंबू पिळा. थोडी साखर मोडते, आणि मोडलेल्या दोघांमुळे उरलेल्या साखरेला खडे धरता येत नाहीत. म्हणून पाक साखरत नाही. आईने हे कधी सांगितलं असेल तर तिने कारण सांगितलेलं नसतं, आणि तुम्ही ऐकलेलं नसतं.

उरलेल्या मालाचं काय करावं

कारखान्यात मोडलेली साखर पुन्हा साखर होत नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज स्फटिकात बसत नाहीत, वर बसणाऱ्यांनाही अडवतात, आणि शेवटी मळीत जातात. मळी आसवनीत जाते, तिथे यीस्ट तिच्यावर बसतं, आणि ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. समीकरणात पुन्हा एकच बाण. त्या बाणाच्या आत बारा विकरांच्या बारा पायऱ्या आहेत, आणि त्यातली एकेक उघडली तर आत आणखी ओसऱ्या, आणखी उंबरठे. मोडलेल्या साखरपुड्याचा शेवट दारूत होतो, हे सोलापुरात कोणाला नव्याने सांगायला नको. त्याची कृती पुढच्या पुस्तिकेत.